पिशव्यांपाशी बसणारे सांडूभाऊ

सांडूभाऊ बनकरांनी सिडकोत घर बांधलं तेव्हा त्यांनी सगळा विचार केला होता. वाळूजच्या कारखान्याची बस कुठं थांबते, बाजार किती लांब पडतो, पावसाचं पाणी गल्लीत तुंबतं का, हे त्यांनी स्वतः फिरून पाहिलं. आपण घर बांधतोय ते शहर महाराष्ट्राची पर्यटन राजधानी आहे, एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. ती पाव्हण्यांच्या ध्यानात आली.

सुरुवात वास्तुशांतीलाच झाली. जेवणं उरकल्यावर वैजापूरच्या एका पाव्हण्यानं ढेकर दिली आणि सुपारी कातरत म्हणाला, "आता आलोच हाय तर मकबरा पाहून घ्यावा का?" सांडूभाऊ म्हणाले, "पाहा की." त्या दोन शब्दांची किंमत ते पुढं आयुष्यभर मोजत राहिले.

मग रीतच पडून गेली. दिवाळीची सुट्टी लागली की वैजापूरहून, मे महिना लागला की गंगापूरहून, आणि अधेमधे कुठूनही. फोन यायचा, "सांडू, पोरायला जरा इतिहास दाखवावा म्हणतो." इतिहासाची ही भूक शनिवारी सकाळी लागायची आणि रविवारच्या शेवटच्या एसटीपर्यंत भागायची. येणारा मावशीच्या नणंदेचा दीर असो की मेव्हण्याच्या दुकानातला भागीदार, जागतिक वारशाच्या बाबतीत सगळेच सख्खे होते. "औरंगाबादला चाललो" म्हणून ते घरून निघत, मोबाइलवर "छत्रपती संभाजीनगर" लिहीत आणि रिक्षावाल्याला नुसतं "सिडको" सांगत, म्हणजे कुणाशीच वाद नको.

सांडूभाऊंना नाही म्हणता येत नसे. कारखान्यात एकदा संप झाला तेव्हा ते दोन्ही बाजूंना हो म्हणून आले होते आणि दोन्ही बाजूंनी त्यांना आपलाच माणूस समजलं होतं. अशा माणसाच्या दारात पाव्हणा पिशवी घेऊन उभा राहिला की निकाल आधीच लागलेला असायचा.

गाडी ठरलेली होती, शहागंजच्या निजामुद्दीनची. गाडीत किती माणसं बसवावीत हे तिच्या कागदांवर छापलेलं होतं, पण वैजापूरकर कागदावर विश्वास ठेवणारे नव्हते. ते गाडीवर ठेवत. रस्ताही ठरलेला. सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन, मग वेरूळ, येताना खुलताबादचा भद्रा मारुती, दौलताबादचा किल्ला, शहरात शिरल्यावर बीबी का मकबरा आणि उजेड आहे तोवर पाणचक्की. जे घडवायला माणसांच्या कैक पिढ्या खपल्या ते सगळं सांडूभाऊंचे साडू राजकुमारराव जेवणाची वेळ सांभाळून एका दिवसात बसवायचे. राजकुमाररावांचं गंगापूरला खताचं दुकान होतं. इतिहास त्यांना मोबाइलवरून समजलेला असल्यानं तो रोज नवा असायचा. मकबऱ्यासमोर उभं राहून ते दरवेळी सांगत, "हे ताजमहालाच्या आधीचं हाय. त्यानं इथलं पाहून तिकडं बांधलं." बायकामुलं माना डोलवत. फलक जवळच होता, पण फलकापाशी ऊन लागायचं.

आता प्रत्येक सहलीत एक माणूस असा लागतो, जो कुठंच जात नाही. पिशव्या असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, झोपलेलं पोर असतं, गुडघे धरलेली म्हातारी असते. त्यांच्यापाशी कुणीतरी थांबावं लागतं. पहिल्या सहलीत "सांडू, तू काय इथलाच, कवा बी येऊन पाहशील" असं कुणीतरी म्हणालं आणि सांडूभाऊ कैलास लेणीसमोरच्या झाडाखाली बसले. दुसऱ्या सहलीत कुणी काही म्हणालंसुद्धा नाही. गाडीतून उतरता उतरता लोकांनी पिशव्या त्यांच्या हातात दिल्या आणि ते बसले.

तेव्हापासून ते बसूनच होते. वेरूळला झाडाखाली, दौलताबादला चांदमिनाराच्या पायथ्याशी, मकबऱ्याला चपलांच्या ढिगापाशी, पाणचक्कीला जुन्या वडाच्या पारावर. अजिंठ्याला तर गाड्या ज्या फाट्यावर थांबतात तिथंच. माकडाला काठी नुसती दाखवायची, उगारायची नाही, एवढी विद्या त्यांनी तेवढ्या वर्षांत मिळवली. दौलताबादच्या कोणत्या बाईचे पेरू आतून लाल निघतात आणि कोणती बाई वरचे चार दाखवून खालचे देते, हेही ते सांगू शकत. दगडात कुणी काय कोरलंय, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पाव्हणे बाहेर आले की ते विचारत, "कसं वाटलं?" आणि पाव्हणे सांगत, "भारी हाय. पण पाय लई दुखले. खायचं कुठाय?"

सोबतीला असायच्या त्या मनकर्णाआत्या. सांडूभाऊंच्या वडिलांची ही बहीण वैजापूरहून निघणाऱ्या बहुतेक गाडीत असायचीच. गुडघे दुखतात म्हणून ती पायरी चढत नसे, पण घरी राहणंही तिला मंजूर नव्हतं. झाडाखाली सतरंजी टाकली की ती आडवी व्हायची आणि मंडळी परत येईपर्यंत घोरायची. गाडी लावून निजामुद्दीनही तिथं येऊन टेकायचा.

"क्या सांडूभाऊ, आज बी बाहेरच?" तो विचारायचा.

"आत्याला एकटं कसं सोडू?"

"आत्याबाई तो सो गई."

"जागी झाली म्हंजे विचारंल ना, सांडू कुठं गेला म्हून."

निजामुद्दीन हसायचा. "मैं बी देखने एकदाच आलतो. स्कूल की सहल में. सर बोले, पहले डब्बा खाओ. डब्बा खातपर्यंत बारिश आई, सबकू गाडी में बिठाये और वापस. उसके बाद पब्लिक कू लाना, लेके जाना. खुद के वास्ते कौन जाता जी?"

सांडूभाऊंना हे पटायचं. पण कधीकधी ऊन चढत असताना आतून माणसांच्या आवाजांचा घुमारा यायचा, एखादं पोर मोठ्यानं ओरडायचं आणि तो आवाज दगडात फिरून परत यायचा, तेव्हा त्यांना वाटायचं, आत जागा बरीच मोठी असावी. एवढंच वाटायचं. मग माकड यायचं.

संध्याकाळी घरी परतलं की मंजुषाबाईंचा स्वयंपाक तयार असायचा. येसर आमटी, भाकरी, भात, ठेचा आणि पोरांना तिखट चालत नाही म्हणून वेगळं वरण. सकाळी निघताना पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचे डबेही त्यांनीच बांधून दिलेले असत. या शहरात नळाला पाणी कधी येईल ते सांगण्यापेक्षा मेलेला मुघल कधी उठेल ते सांगणं सोपं. पाव्हणे नेमके पाणी नसलेल्या दिवशी यायचे आणि पाणचक्की पाहून आल्यावर मंजुषाबाईंनी साठवलेल्या पाण्यानं बादल्या भरभरून आंघोळी करायचे. "काय त्या काळची अक्कल!" राजकुमारराव डोकं पुसत म्हणायचे. "कैक मैलांवरून खापराच्या नळानं पाणी आणलं, अजून पडतंय!" मंजुषाबाई रिकाम्या टाकीवर झाकण ठेवायच्या.

सांडूभाऊ नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला गेला. पाव्हणे मात्र वाढले, कारण आता यजमानाला सुट्टीच सुट्टी होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना अभयच्या डोक्यात ती कल्पना आली. अभय म्हणजे सांडूभाऊंचा सख्खा पुतण्या. वैजापूरला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं आणि छापायला सतत काही ना काही हवं असल्यानं तो समाजकार्यात होता. शहरातल्या "पर्यटन राजधानी गौरव मंच" नावाच्या संस्थेत त्यानं ओळख काढली. ही संस्था दरवर्षी कुणाचा तरी सत्कार करी, आणि सत्कार करायला माणूस सापडणं ही शहरातली मोठीच अडचण झाली होती, कारण बाकीच्या संस्थांनी आधीच बहुतेकांचे उरकले होते.

"काकानं पाऊण वैजापूर तालुक्याला वेरूळ दाखवलंय," अभयनं तिथं सांगितलं. "एक पैसा न घेता. यांच्याइतका पर्यटनाचा प्रसार कुणी केलाय का, सांगा."

कुणालाच सांगता येईना. "पर्यटनमित्र" पुरस्कार सांडूभाऊंना जाहीर झाला.

चौकात फ्लेक्स लागला. मधोमध हसरा अभय, त्याच्यामागं कैलास लेणी, आणि उजव्या कोपऱ्यात, भिंगातून पाहिलं तर ओळखू येतील असे सांडूभाऊ. शेजारच्यांनी दूधवाल्याला विचारलं, हा पोरगा कशात निवडून आलाय?

सोहळा सिडकोतल्याच एका मंगल कार्यालयात झाला. आदल्या रात्रीच्या लग्नाची फुलं अजून भिंतीवर होती, ती तशीच ठेवल्यानं खर्च वाचला. पहिल्या ओळीत मनकर्णाआत्या, राजकुमारराव आणि वैजापूर-गंगापूरची मंडळी. मंजुषाबाई मागच्या बाजूला दाराजवळ बसल्या होत्या, कारण एवढी सगळी मंडळी नंतर घरीच जेवायला येणार होती आणि त्यांना अर्ध्यातून उठायचं होतं. शाल झाली, नारळ झाला. मग अध्यक्षांनी काचेत बसवलेली कैलास लेणीची छोटी प्रतिकृती सांडूभाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. आत हत्ती होते. कैलासात हत्ती आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"आता बनकर साहेबांनी तरुण पिढीला मार्गदर्शन करावं," अध्यक्ष माइकवर म्हणाले. "या लेणीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आपल्या मनात कोणते भाव आले?"

राजकुमाररावांनी त्यांच्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. "एकाच दगडात, वरून खाली" अशी त्यांची सुरुवात होती. सांडूभाऊ माइकपुढं उभे राहिले. "एकाच दगडात..." म्हणाले आणि थांबले. समोर आत्या बसली होती. एवढी वर्षं आपल्याबरोबर बाहेर असलेल्या बाईसमोर आतलं कसं सांगावं, हे त्यांना सुचेना.

"मी आत गेलो नाय," ते म्हणाले.

सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, साहेब विनोदी आहेत.

"खरंच नाय गेलो. पिशव्या असतेत ना. मी तिथं बसतो. आतलं मला ठाऊक नाय. बाहेर सावली बरी हाय. माकडं हायेत, पर पिशवी मांडीवर धरली तं काही करत नाय." त्यांनी हातातली प्रतिकृती जरा फिरवली. "लोक बाहेर येतेत तवा मी त्यांच्या तोंडाकडं पाहतो. कुणाचं तोंड लई येगळं दिसतं. मंग मला वाटतं, आत काहीतरी असंल."

टाळ्या पडल्या, त्याही जोरात. अध्यक्षांनी आभार मानताना "बनकर साहेबांच्या आध्यात्मिक विचारांचा" उल्लेख केला. पण मागच्या बाजूला तनुजा नावाची एक तरुण बातमीदार उभी होती. मोबाइलवर शहरातल्या बातम्या चालवायची. तिनं एकटीनंच ते शब्द जसे होते तसे ऐकले. सांडूभाऊंचं अख्खं भाषण तिनं टिपलं आणि "जगप्रसिद्ध लेणीच्या दारात आयुष्य गेलेला माणूस" असा मथळा देऊन मोबाइलवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते वैजापूरच्या मार्केट यार्डात पोचलं होतं. कांद्याच्या लिलावात लोक मोबाइल दाखवत होते. कुणी लिहिलं, हा सरकारचा दोष. कुणी लिहिलं, हा संस्कारांचा दोष. एकानं हा इंग्रजांचा डाव असल्याचं सविस्तर मांडलं. पण बहुतेकांनी सरळ विचारलं, "कोण हो ते पाव्हणे?" आणि वैजापुरात ते पाव्हणे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या रविवारी सगळी मंडळी सांडूभाऊंच्या घरी येऊन धडकली. पाणी अर्थातच आलेलं नव्हतं. दिवाणखान्यात न्यायालय भरलं.

"पिशव्या आमच्या होत्या, हे मान्य," राजकुमारराव म्हणाले. "पर बसा असं कुणी म्हणलं? तुमी सोताहून बसायचे. उठून आत यायला पाय नव्हते का?"

"होते," सांडूभाऊ म्हणाले.

"मी तरी कवा म्हणलं रे, माझ्यापाशी बस?" मनकर्णाआत्या डोळ्याला पदर लावत म्हणाली. "मला तं झोप लागायची. आता गावात बाया म्हणतेत, म्हातारीनं भाच्याला उन्हात बांधून ठिवलं."

"चुकलं माझं," सांडूभाऊ म्हणाले. आपलं नेमकं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, पण आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची त्यांना सवय नव्हती.

शेवटी अभयनं तोडगा काढला. उद्या सगळ्यांनी मिळून काकाला वाजतगाजत कैलास लेणीत न्यायचं. दारात हलगी, काकाच्या गळ्यात हार, पिशव्या स्वतः राजकुमारराव धरणार आणि अभय सगळ्याचा व्हिडिओ काढणार. मथळाही त्यानं ठरवून टाकला होता, "काकांचा लेणीप्रवेश." मंडळींना बरं वाटलं. झालेली बदनामी धुऊन निघणार आणि सहलही होणार.

तेवढ्यात मंजुषाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "दाजी," त्यांनी राजकुमाररावांना विचारलं, "वेरूळ दौलताबादच्या अलीकडं हाय का पलीकडं? नाष्टा कुठं सोडसाल त्या हिशेबानं डबे भरते."

"पलीकडं, वहिनी!" राजकुमाररावांनी हातवारे करून रस्ता समजावला. आधी मिटमिटा, मग शरणापूर फाटा, मग किल्ला, मग घाट. मंजुषाबाईंनी मान डोलावली आणि कप वाटले. पुन्हा हलगीवाल्याचा विषय निघाला.

सांडूभाऊंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांना आठवू लागलं. लग्न झाल्यावर नवरा-नवरीनं घृष्णेश्वराला जायचं ठरलं होतं खरं, पण गाडीत सासरची माणसं इतकी झाली की नवरीला जागा उरली नाही. पुढच्या वेळी पोर लहान होतं. त्याच्या पुढच्या वेळी पाव्हणे होते. त्याच्या पुढच्या प्रत्येक वेळी पाव्हणेच होते. मंजुषाबाई गंगापूरच्या. त्या वाळूजच्या रस्त्यानं या शहरात आल्या आणि माहेरी जायचं तर त्याच रस्त्यानं गेल्या. वेरूळच्या रस्त्याला त्यांचं पाऊल लागलेलंच नव्हतं.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मंजुषाबाई सकाळच्या पुऱ्यांची तयारी करत होत्या.

"तू वेरूळ पाहिलं नाय?"

"कवा पाहणार?"

"एवढ्या वर्षांत एकदा बी?"

"गाडीत जागा कुठं राह्याची?" त्यांनी पिठात मीठ टाकलं.

"मंग बोलली कामून नाय?"

मंजुषाबाईंनी हात थांबवला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी बोलले का? तुमाला बोलायला तं माइक लागला."

सांडूभाऊ तिथंच फ्रीजला टेकले. सत्काराला लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा आपल्यावर अन्याय झालाय हे त्यांना प्रथमच समजलं होतं, आणि खरं सांगायचं तर आठवडाभर ते त्या अन्यायाला आतून कुरवाळत होते. आता तो एकदम लहान झाला. ते निदान झाडापर्यंत तरी पोचले होते.

सोमवारी उजाडता उजाडता, मंडळी दिवाणखान्यात आडवीतिडवी झोपलेली असताना, त्यांनी निजामुद्दीनला फोन केला. "निजामभाई, गाडी आन. दोघंच हावोत."

"दोघंच?" निजामुद्दीन घाबरला. "दवाखाना है क्या?"

"नाय. वेरूळ."

"तो फिर दोघंच कायकू?"

मंजुषाबाई आधी नाहीच म्हणाल्या. घरात एवढी माणसं, पीठ भिजवलेलं, कुणी उठलं तर चहा कोण देणार? सांडूभाऊंना युक्तिवाद येत नव्हता. ते फक्त दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल." त्यांनी कुणालाच कधी असं काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून असेल, मंजुषाबाईंनी पिठावर ताट झाकलं, गॅस बंद आहे का ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि चप्पल घातली.

मागच्या सीटवर त्या मधोमध बसल्या. हाताशी माणूस नाही, मांडीवर पोर नाही, पायाशी डबा नाही. "हिच्यात एवढी जागा असती व्हय?" त्या म्हणाल्या. निजामुद्दीननं आरशातून पाहिलं. "भाभी, मेरेकू बी आज मालूम हुआ."

दौलताबादचा किल्ला दिसला तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि घाट लागेपर्यंत तिकडंच पाहत राहिल्या. सांडूभाऊंनी त्यांना पेरूवालीची जागा दाखवली, पण इतक्या सकाळी ती आलेली नव्हती.

वेरूळला तिकीट काढून ते लेणीच्या दारापाशी आले. निजामुद्दीन सवयीनं मागं थांबला. "तू बी चल," सांडूभाऊ म्हणाले. "गाडी कुणी नेत नाय." तो चपापला, शर्ट खोचला आणि निघाला.

आत गेल्यावर सांडूभाऊंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सावली कुठं आहे ते पाहिलं. मग मान वर केली आणि ती खाली आणायची राहूनच गेली. डोंगर आतून रिकामा केला होता आणि मधे देऊळ सोडलं होतं. दोन्ही बाजूंना हत्ती उभे. काचेतल्या हत्तींना सोंडा होत्या, या खऱ्या हत्तींच्या मोडलेल्या होत्या. निजामुद्दीन एका हत्तीच्या पायापाशी उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "उस सर ने डब्बा खाने बिठाया जी. डब्बा!"

मंजुषाबाई पदर खोचून पुढं गेल्या होत्या. एका भिंतीसमोर त्या थांबल्या. वर डोंगरावर शंकर-पार्वती आरामात बसलेले, आजूबाजूला गण आणि दासी, आणि खाली अंधारात एकटा रावण वीस हातांनी तो सगळा डोंगर उचलतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली. शंकर मात्र हलायला तयार नाही.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"रावण. दगडाखाली दबलाय."

मंजुषाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "वर सगळे बसलेत," त्या म्हणाल्या, "अन् खाली हा एकटाच उचलतोय. लोक ह्याला वाईट म्हणतेत. मला तं घरातलाच वाटला."

सांडूभाऊंना वाटलं, ती आपल्याबद्दल बोलतेय. ते जरा सुखावले आणि म्हणाले, "व्हय, लई केलं मी बी." मंजुषाबाईंनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. ते बघणं असं होतं की सांडूभाऊ ताबडतोब हत्तीकडं पाहू लागले.

मोबाइल वाजला. अभय होता. सांडूभाऊंचा अंगठा आपोआप हिरव्या खुणेकडं निघाला, तेवढ्यात मंजुषाबाईंनी मोबाइल घेतला.

"काकू? काका कुठंयत? हलगीवाला येऊन बसलाय!"

"पीठ ताटाखाली झाकलंय," त्या म्हणाल्या. "तेल फळीवर हाय." आणि त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला.

"अजून किती हायेत हे?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"चौतीस म्हणतेत."

"मंग चला."

सांडूभाऊंचे गुडघे पंधराव्या लेणीच्या पायऱ्यांनाच बोलू लागले होते. ते सगळीकडं गेले, पण शेवटी शेवटी कोणत्या देवाला हात जोडतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. बुद्ध कोणता आणि महावीर कोणता यावर त्यांचा आणि निजामुद्दीनचा वाद झाला आणि दोघंही हरले. मंजुषाबाई मात्र प्रत्येक खांबाला वळसा घालून मागची बाजूही पाहून आल्या. बिनकामाचं कोरलंय तेच त्यांना जास्त आवडलं. दुपारी तिघं एका हॉटेलात जेवली. भाजीत मीठ कमी होतं. मंजुषाबाईंनी ती चवीनं खाल्ली, कारण कमी पडलेलं मीठ त्यांचं नव्हतं.

घरी मोठाच प्रकार झाला होता. अभय हलगीवाल्याला घेऊन वेरूळला गेला, काका सापडेनात म्हणून दारातच "काकांच्या शोधात" असा व्हिडिओ काढून आला. राजकुमाररावांनी पुऱ्या तळायला घेतल्या आणि अर्ध्या करपवल्या. उरलेल्या आत्यानं चहाबरोबर खाल्ल्या. संध्याकाळच्या एसटीआधीच मंडळी निघाली. जाताना राजकुमारराव दारात म्हणाले, "पाव्हण्याला घरात टाकून जाणं ही काय रीत झाली?" सांडूभाऊंनी सवयीनं "चुकलं माझं" म्हणायला तोंड उघडलं, पण मंजुषाबाई मधेच म्हणाल्या, "पुन्हा या, दाजी. आता मी बी येत जाईन फिरायला."

त्या खरंच जाऊ लागल्या. ज्या दिवशी सहल त्या दिवशी घरची चूल बंद, हे त्यांनी फोनवरच सांगायला सुरुवात केली. मग एक अजब गोष्ट झाली. वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांची इतिहासाची भूक झपाट्यानं कमी झाली. पोरांना आता अभ्यास असायचा. राजकुमाररावांना उन्हाचा त्रास होऊ लागला, तेव्हा डॉक्टरनं त्यांना थंड हवेची ठिकाणं सांगितली. मनकर्णाआत्या तेवढी यायची थांबली नाही. ती आली की सरळ टीव्हीसमोर पाय पसरते आणि म्हणते, दगडं पाहायला मी कवा आले होते?

दिवाळीनंतर सांडूभाऊ, मंजुषाबाई आणि निजामुद्दीन अजिंठ्याला गेले. फर्दापूरला एक रात्र राहिले. मंजुषाबाईंनी एका लेणीतल्या रखवालदाराला छताकडं बॅटरी धरायला लावली, मग पुन्हा धरायला लावली, शेवटी त्यानं बॅटरीच त्यांच्या हातात दिली.

परत आल्यावर शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, "कसं होतं अजिंठा?"

सांडूभाऊंनी विचार केला. "चित्रं चांगली हायेत," ते म्हणाले. "पर फर्दापूरला जेवण लई तिखट."

"आणि वहिनी?"

"ती झोपलीय," सांडूभाऊ म्हणाले. "उठली की सांगंल सगळं. दुपारी या, सवडीनं. चहा मी करतो."